दाताची तालीम

समोरचा माणूस बोलायला लागला की आमच्या शेजारच्या काकांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. तुम्ही सांगत असाल की काल ऑफिसातून येताना गाडी बर्फावरून घसरली आणि मग... तर त्या 'मग'वर तुम्ही जरा थांबलात की काका हळूच शब्द सोडायचे, "ब्रेक." तुम्हाला ब्रेकबद्दल काहीही म्हणायचं नसलं तरी तुम्ही निमूटपणे ब्रेकबद्दल बोलायला लागायचात. अमेरिकेत, शॉमबर्गला आम्ही नवीन होतो तेव्हा मला वाटलं, या गृहस्थांना कमी ऐकू येतं आणि ते आपले ओठ वाचतात. शेवटी काकूंनी खुलासा केला.

"अगं, कोल्हापुरात हौशी नाटकांत प्रॉम्प्टर होते हे. विंगेत उभं राहून सगळ्यांना शब्द द्यायचे. अमेरिकेत आले, विंग सुटली, सवय नाही सुटली. झोपेतसुद्धा मला शब्द देतात."

प्रॉम्प्टिंगवरून ते पुढे दिग्दर्शनाकडे वळले होते म्हणे. मग नोकरी, मग अमेरिका, मग एका कारखान्यात जन्मभर इंजिनिअर. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते आणि हाताशी कलाकार शोधत होते. आमच्यासारखी व्हिसावर आलेली, प्रत्येक गोष्टीला बिचकणारी मंडळी त्यांना आयतीच सापडली. "तालीम नाही तर एंट्री नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. कोणाची नोकरीची मुलाखत असो, कोणाला घरमालकाशी हीटरवरून भांडायचं असो, काका आधी तालीम घ्यायचे, आणि समोरच्याची भूमिका स्वतः करायचे.

माझ्या ड्रायव्हिंग टेस्टची तालीम आमच्याच पार्किंगमध्ये झाली, उभ्या गाडीत. काका काळा चष्मा लावून, हातात फाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले आणि मला ओळखच दाखवेनात. "मॅम, युवर परमिट प्लीज." मला हसू आलं. ते गाडीतून उतरले, दार लावलं, आणि पुन्हा पहिल्यापासून आत आले. "परीक्षक हसत नसतो. तूही हसायचं नाहीस." असं बराच वेळ चाललं. शेजारपाजारचे अमेरिकन लोक खिडकीतून बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेस्टच्या दिवशी सकाळी ते चांदीची वाटी घेऊन दारात हजर. माझ्या तळहातावर स्वतःच्या हाताने दही-साखर घातली आणि स्टीलच्या ताटलीवर चमच्याने तीन टोल दिले. तिसरी घंटा झाल्याशिवाय त्यांच्याकडून कोणी महत्त्वाच्या कामाला जात नसे. दही मात्र फक्त त्याच दिवशी. तालमीला मी एकदा गमतीने मागितलं तर केवढे रागावले! "तालमीत दही नाही. दही प्रयोगाला." खरी परीक्षक निघाली एक हसरी बाई. सगळा वेळ तिने मला तिच्या नातवाचं कौतुक सांगितलं, आणि मी काकांनी पाठ करून घेतलेली उत्तरं तिला न विचारताच देत राहिले. पास झाले.

सगळ्यांचंच असं भलं व्हायचं असं नाही. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात नागपूरचा एक मुलगा होता. त्याला एका पंजाबी मुलीशी लग्न करायचं होतं आणि ते फोनवर वडिलांना सांगायचं होतं. काका त्याचे वडील झाले. मुलाने विषय काढला, आणि काका भूमिकेत असे काही शिरले की त्यांनी त्याला घरातून हाकललं, आईला दोष दिला, आणि शेवटी छातीला हात लावून सोफ्यावर आडवे झाले. पोराने धसका घेतला. कित्येक दिवस फोनच केला नाही. शेवटी त्या मुलीने दम दिला तेव्हा केला, तर खरे वडील म्हणाले, "बरं. तारीख कळव, रजा टाकावी लागेल." काकांना हे कळल्यावर ते खट्टू झाले. "त्या गृहस्थाने भूमिका वाया घालवली," म्हणाले.

आता सईच्या दाताचं. सई माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. रात्री बाटलीतून गोड दूध पिण्याच्या सवयीने तिच्या दाढा किडल्या होत्या. एका दाताच्या डॉक्टरकडे नेलं तर तिने आधी तोंड मिटून घेतलं, आणि महत्प्रयासाने उघडलं ते त्यांच्या बोटाला चावायलाच. त्या दिवसानंतर ती ब्रशसाठीही तोंड उघडेना. एका बाजूने चावायची, वरणभात तेवढा गिळायची, आणि दाढ दुखायला लागली की गाल हातात धरून कोपऱ्यात जाऊन बसायची. आम्हाला सांगायचीसुद्धा नाही, सांगितलं तर पुन्हा डॉक्टरकडे नेतील म्हणून. ते बघवत नसे.

मग लहान मुलांची दंतचिकित्सा करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मार्ग काढला. एक दाढ काढायची, बाकीच्या भरायच्या, सगळं एकाच बैठकीत, आणि त्यासाठी सईला गुंगी द्यायची. पूर्ण झोपवणार नव्हते. आधी प्यायचं औषध, मग नाकावर मास्क. आईवडिलांनी बाहेर थांबायचं. आणि आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, सकाळी पाणीसुद्धा नको. नवरा रोज ऑफिसातून इंटरनेटवर वाचून नवी नवी भीती घेऊन यायचा. माझी भीती एकच होती. गुंगीत गेलेली माझी पोर तशीच्या तशी परत येईल ना? हे मी कोणापाशी बोलत नव्हते.

काका चहाला आले होते. सई आत खेळत होती. त्यांनी विचारलं, "तिला काय सांगणार आहेस?"

"सांगीन की डॉक्टर नुसतं बघणार आहेत. तिथे फिशटँक आहे, मासे बघायला जायचंय."

"म्हणजे पात्राला नाटकच सांगायचं नाही? आणि एकदम पडदा उघडायचा?"

"काका, पाच वर्षांची आहे ती."

"पाच वर्षांची आहे, मूर्ख नाही. गेल्या वेळी चावली ती का? काय होणार ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा चावलो असतो."

माझ्या लहानपणी मलाही सगळे 'काही नाही करणार गं' असंच सांगायचे, आणि नंतर सुई टोचायचे.

पुढच्या शनिवारपासून काकांच्या दिवाणखान्यात तालमी सुरू झाल्या. त्यांची पाय वर करता येणारी आरामखुर्ची ही डॉक्टरांची खुर्ची. टेबललॅम्प वाकवून वरचा दिवा केला. काकू ॲप्रन बांधून नर्स झाल्या. मास्क म्हणून चहाचं गाळणं, त्याला काकूंनी केकमध्ये घालायचा स्ट्रॉबेरीचा इसेन्स लावला, कारण खऱ्या मास्कला तसा वास येतो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काका अर्थातच डॉक्टर. त्यांनी सईपासून काही म्हणजे काही लपवलं नाही.

"औषध कडू असेल. गोड आहे म्हणतील, विश्वास ठेवायचा नाही. मग डोकं जड होईल. मग ओठ गुलाबजामएवढा झालाय असं वाटेल, पण आरशात बघितलंस तर तेवढाच असेल."

"अँड देन?"

"मग एक दात काढतील."

सईचा चेहरा पडला. काकांनी शांतपणे तोंडात हात घातला आणि स्वतःचे पुढचे दोन दात, तारेसकट, काढून तिच्या हातावर ठेवले. मला त्यांचे दात खोटे आहेत हे माहीतच नव्हतं. "हे बघ. माझे गेले. काही बिघडलं?" हे ते बोबडं बोलले. सई इतकी हसली की खुर्चीवरून घसरली, आणि हसताना तिने तोंड उघडलं होतं. कितीतरी दिवसांनी मला तिच्या दाढा दिसल्या.

त्यानंतर ती रोज तालमीला स्वतः पळत जायची. तिला वाक्यंही होती. नर्स झालेल्या काकू विचारायच्या, "डिड यू ईट ऑर ड्रिंक एनीथिंग टुडे?" की सईने हात झटकून म्हणायचं, "नथिंग! नॉट ईव्हन वॉटर!" मग काकू विचारायच्या, "आर यू स्केअर्ड?" की सईने मान ताठ करून, "नो! आय ॲम ब्रेव्ह!" काका पलीकडच्या भिंतीशी उभे राहून ऐकायचे. "शेवटच्या रांगेत ऐकू आलं नाही. पुन्हा."

एक दिवस ते मला म्हणाले, "सईचं बसलंय. तुझं कच्चं आहे."

"माझं काय आहे त्यात?"

"तुझी एक्झिट."

स्वयंपाकघराचं दार म्हणजे क्लिनिकचं आतलं दार. तिथे सईला सोडायचं, "मी बाहेर आहे" म्हणायचं आणि मागे न बघता जायचं. एवढंच. पण मी ते वाक्य म्हटलं की माझे डोळे भरून यायचे, ते बघून सईची हनुवटी थरथरायला लागायची, आणि काका म्हणायचे, "पुन्हा." त्या दारातून मला त्यांनी इतक्या वेळा बाहेर काढलं की शेवटी माझा तोल गेला.

"काका, माझी मुलगी आहे ती. तुमचं नाटक नाही."

काकू भांडी घासायच्या थांबल्या. काका मात्र अजिबात रागावले नाहीत. "म्हणून तर म्हणतोय," ते म्हणाले. "नाटकात रडलीस तरी चालेल. तिथे नाही चालणार." मी डोळे पुसले आणि पुन्हा एक्झिट घेतली.

नेमलेल्या दिवशी सकाळी बर्फ पडत होतं. नवरा गाडीची काच खरवडत होता, मी सईची बाहुली आणायला वर गेले होते. खाली आले तर काका दारात उभे होते, पायजमा आणि स्वेटर घालून. त्यांनी तिसरी घंटा दिली, सईने वाकून नमस्कार केला, आणि आम्ही निघालो. गाडीत ती सगळा वेळ वाक्यं म्हणत होती.

क्लिनिकमधली असिस्टंट मोठी गोड मुलगी होती. तिने आधी मला विचारलं, सईने काही खाल्लंय का. मी म्हटलं, रात्रीपासून काही नाही. मग ती खाली वाकली आणि तिने तोच प्रश्न सईला विचारला. सईने हात झटकला. "नथिंग! नॉट ईव्हन वॉटर!" वेटिंग रूममधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "आर यू स्केअर्ड?" "नो! आय ॲम ब्रेव्ह!" असिस्टंट तर खूशच झाली. मलाही अभिमान वाटला, का खोटं बोलू? ती आत जाऊन औषधाचा छोटासा कप घेऊन आली आणि तिने तो सईच्या हातात दिला.

तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. दारात काका. तोच पायजमा, स्वेटरवर काकूंची शाल, आणि त्या बर्फात पायात चपला. कुठेही तासभर आधी, इस्त्रीच्या कपड्यांत पोचणारा हा माणूस मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी सईकडे बोट दाखवलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"दही," अखेर ते म्हणाले. "शी... ते... व्हाइट... अरे काय म्हणतात..."

असिस्टंट दोन पावलं मागे सरकली. जन्मभर दुसऱ्यांना शब्द देणाऱ्या काकांना शब्द सापडत नव्हता. सईने, कप हातात तसाच धरून, हळूच शब्द सोडला.

"योगर्ट." मग असिस्टंटला समजावून सांगितलं, "ही मीन्स योगर्ट. काका गेव्ह मी. विथ शुगर."

असिस्टंटने तिच्या हातातला कप चटकन काढून घेतला. मी सईकडे वळले. "अगं, मग आत्ता नथिंग काय म्हणालीस?"

सई माझ्याकडे नवलाने बघत राहिली. "बट दॅट्स माय लाइन, आई."

मी वर गेले असताना काकांनी ते केलं होतं. प्रयोगाचा दिवस, हातात वाटी, समोर मोठ्या कामाला निघालेलं माणूस. हात आपोआप पुढे झाला. पोटात काही नको हे त्यांनी स्वतः सईला शिकवलं होतं, पण तालमीत दही कधी नव्हतंच, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही गेल्यावर काकूंनी वाटी घासायला घेतली आणि विचारलं, "आज हे कोणाला दिलंत?" तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. फोन केला, तर नवऱ्याचा मोबाइल गाडीत पडलेला. मग आहेत तसे गाडी काढून धावले.

असिस्टंटने समजावून सांगितलं की गुंगीत पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून आज काहीच करता येणार नाही. दोन चमचे दह्याने एवढं होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. नवरा लालबुंद झाला होता, पण वयाने मोठ्या माणसाला काय बोलणार, म्हणून गाडीपाशी जाऊन तिची काच पुसत उभा राहिला. रागावले मीही होते. पण बर्फातून चपला घालून धावत आलेल्या माणसावर किती वेळ रागावणार? काका फिशटँकजवळच्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, गुडघे हनुवटीशी आलेले.

"पोरगी खरं नाही बोलली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझं वाक्य बोलली."

पुढची तारीख काही आठवड्यांनी मिळाली. तोपर्यंत सई पुन्हा एका बाजूने वरणभात गिळत राहिली. काकांनी तालमी बंद केल्या. त्याहून विचित्र म्हणजे त्यांचे ओठ हलायचे थांबले. एका पार्टीत कोणीतरी गोष्ट सांगताना 'आणि मग...' म्हणून सवयीने काकांकडे बघितलं, काका समोशाकडे बघत राहिले, आणि तो बिचारा तिथेच अडकला. काकू मला म्हणाल्या, "एरवी मीच म्हणायचे की गप्प बसा जरा. आता घर खायला उठतं गं."

शेवटी सईच त्यांच्याकडे गेली. मी दारात उभी होते.

"काका, रिहर्सल?"

"नाही."

"देन व्हॉट आर माय लाइन्स?"

"लाइन्स नाहीत. त्या काय विचारतात ते नीट ऐकायचं, आणि जे खरं असेल ते सांगायचं."

"व्हॉट इफ आय डोन्ट नो?"

"मग माहीत नाही म्हणायचं."

सईने विचार केला. "दॅट्स हार्ड."

"फार," काका म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ते 'मी बरोबर येऊ का' असं संकोचत विचारायला आले. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी दोन्ही रिकामे तळहात माझ्या नवऱ्याला उघडून दाखवले. नवऱ्याला हसू फुटलं आणि तो विषय तिथे मिटला.

क्लिनिकमध्ये तीच असिस्टंट होती. आधी तिने काकांकडे एक नजर टाकली, मग सईसमोर वाकली. आज काही खाल्लंस, प्यायलीस? सईने डोळे मिटून आठवून बघितलं. ती इतका वेळ विचार करत राहिली की माझा जीव टांगणीला लागला.

"आय स्वॉलोड सम टूथपेस्ट," ती म्हणाली. "अ लिटल. इट वॉज बबल गम. अँड माय मॉम क्राइड इन द बाथरूम."

माझं तोंड लालेलाल झालं. असिस्टंट आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आली. एवढ्याशा टूथपेस्टने काही होत नाही, चालेल, म्हणाली. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. "आर यू स्केअर्ड?"

सईने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

"येस," सई म्हणाली. "अ लॉट."

असिस्टंटने मान डोलावली, तिच्यासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, मग माझा हात धरशील का? आत गेल्यावरही मी तो सोडणार नाही. सईने तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने औषध पिऊन टाकलं. कडू होतं. हळूहळू तिचे डोळे जड झाले, मान माझ्या दंडावर कलंडली, आणि आत न्यायची वेळ झाली. दारापाशी मी म्हटलं, "मी बाहेर आहे." एवढ्या तालमी होऊनही माझे डोळे भरलेच. सईने ते बघितलं. तिची हनुवटी हलली नाही. "इट्स ओके आई," ती पेंगत म्हणाली, "तू रड." आणि असिस्टंटच्या खांद्यावर डोकं टेकून आत गेली.

मी येऊन काकांशेजारी बसले. जे इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं, की ती परत जागी होईल ना याची मला भीती वाटतेय. काका 'काही होत नाही गं' म्हणाले नाहीत. "मलाही वाटतेय," म्हणाले. ते ऐकून मला उलट बरं वाटलं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "'येस' म्हणाली."

"हो."

"मी असतो तर ते वाक्य कापलं असतं."

दार उघडलं तेव्हा सई असिस्टंटच्या कडेवर होती. ओठ सुजल्यासारखा, हनुवटीवर लाळ, एक डोळा उघडा, एक मिटलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळं छान झालं, दाढ काढली, बाकीच्या भरल्या. मी पोरीला छातीशी घेतलं. नवऱ्याने तिची हनुवटी पुसली. सईने मात्र उघड्या डोळ्याने आधी काकांना शोधलं.

"काका," ती जाड जिभेने म्हणाली, "आय वॉज स्केअर्ड अँड आय डिड इट."

काकांनी तिला माझ्याकडून घेतलं, आपल्या कोटात गुंडाळलं आणि बर्फातून जपून पावलं टाकत गाडीकडे निघाले. ती त्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती, आणि ते भर पार्किंगमध्ये, लोकांसमोर, हुंदके देऊन रडत होते.